कंसातला कर्नल

'अव्वल इंग्रजी कालखंडातील मराठी गद्याची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा.' हा प्रश्न आमच्यापैकी प्रत्येकाने विद्यार्थी असताना एकदा तरी सोडवला आहे आणि प्राध्यापक झाल्यावर अनेकदा काढला आहे. त्याचे उत्तर ठरलेले असते. मिशनऱ्यांचे छापखाने, मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, कँडीची विरामचिन्हे, शास्त्रीमंडळ, बापू छत्र्यांचे 'बाळमित्र' आणि 'इसपनीती'. मग 'भाषांतरित, बोजड, शालेय' अशी तीन विशेषणे. मग बाळशास्त्री, लोकहितवादी. आणि अखेरीस १८७४ साली 'निबंधमाला' अवतरली व मराठी गद्याला तारुण्य आले, असा समारोप. या उत्तरात कोठेतरी एक नाव येते: कॅप्टन जर्व्हिस, आणि त्यापुढे कंसात 'गणितविषयक पुस्तके'. एवढेच. आम्हीही एवढेच लिहिले, एवढ्यावरच गुण मिळवले आणि पुढे एवढ्यावरच गुण दिले.

हा कंस आता आम्हांला बोचू लागला आहे. त्याचे श्रेय कोणा समीक्षकाकडे नाही, एका विद्यार्थ्याकडे जाते. अभियांत्रिकीचे पहिले वर्ष दोनदा नापास होऊन तो आमच्याकडे मराठी घेऊन बी.ए. करायला आला. बारावीपर्यंत गणितात हुशार, पण वर्गात जे बोलले जाई ते निम्मे कळत नसे, असे तोच सांगे. आमच्यातल्या एकीने तासाला तो कंस नेहमीप्रमाणे वाचून दाखवला, तेव्हा त्याने विचारले, "मॅडम, एंजिनियरिंगचं गणित मराठीतून शिकवत होते? तेव्हा?" मॅडम म्हणाल्या, "हो, सुरुवातीला काही वर्षं. मग इंग्रजी आलं." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आलं म्हणजे? कोणी आणलं?"

या प्रश्नाला आमच्या कोणत्याही वाङ्मयेतिहासाच्या टिपणात उत्तर नव्हते. स्टाफरूममध्ये त्यावर जी चर्चा झाली, तिचा हा वृत्तान्त समजावा. सूर थोडा चढा लागेल. त्याला इलाज नाही.

जॉर्ज रिटसो जर्व्हिस हा १७९४ चा जन्म, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील एंजिनियर अधिकारी. बॉम्बे एंजिनियर्स या पलटणीतल्या माणसाची ओळख एरवी दगड-चुन्याने होते. एशियाटिक सोसायटीच्या ज्या पायऱ्यांवर बसून आमच्या पिढीने कविता वाचल्या, त्या टाउन हॉलचा आराखडा याच पलटणीतल्या कर्नल काउपरचा. जर्व्हिसच्या नावावर अशी इमारत आम्ही सांगू शकत नाही. त्याचे बांधकाम वेगळे आहे. एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, १८२२ मध्ये, एतद्देशीयांसाठी शाळा काढण्यास आणि पुस्तके तयार करण्यास जी संस्था मुंबईत निघाली आणि पुढे १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली गेली, तिचा हा चिटणीस. मराठीच्या विद्यार्थ्याला परिचित असलेली त्या काळातली बहुतेक पुस्तके याच संस्थेच्या छत्राखाली निघाली: छत्र्यांची दोन्ही पुस्तके, १८२९ चा शास्त्र्यांचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश', आणि पुढे बाळशास्त्री जांभेकर ज्या 'नेटिव्ह सेक्रेटरी'च्या जागेवर आले ती जागाही याच संस्थेतली. म्हणजे ज्या कार्यालयाच्या दप्तरातून आधुनिक मराठी गद्य बाहेर पडले, तिथल्या खुर्चीवर कोणी भाषापंडित बसलेला नव्हता. तिथे सैन्यातला एक एंजिनियर होता. ही गोष्ट आम्हांला कधी चमत्कारिक वाटली नाही, हेच चमत्कारिक.

१८२३ मध्ये मुंबईत एंजिनियर इन्स्टिट्यूशन नावाची शाळा निघाली. ती जर्व्हिसच्या हाताखाली होती. मोजणी आणि बांधकाम या सरकारी कामांना लागणारी माणसे तिथे तयार व्हावयाची होती आणि शिकवण्याची भाषा मराठी व गुजराती ही होती. पुस्तके नव्हती, म्हणून जर्व्हिसने ती करावयास घेतली. चार्ल्स हटन हा वूलिच येथील रॉयल मिलिटरी अकॅडमीत गणिताचा प्राध्यापक होता. तेथील तोफखान्याच्या आणि एंजिनियरांच्या उमेदवारांसाठी त्याने गणिताचा एक सबंध पाठ्यक्रम लिहिला होता. इंग्लंडातला होतकरू लष्करी अधिकारी जे पुस्तक घेऊन बसे, त्याच्याच आधाराने जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने मराठी पुस्तके झाली. 'गणित' झाले, 'शिक्षामाला' झाली. अंकगणितापासून भूमिती-त्रिकोणमितीच्या दिशेने जाणारा हा पल्ला आहे. शुभंकरोतीनंतरची उजळणी समजून तो बाजूला सारता येत नाही.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण इथेच आमचा वाङ्मयेतिहास घाईने पुढे जातो. मराठीत गद्य नव्हते असे कोणी म्हणणार नाही. महानुभावांचे होते, बखरींचे होते, पेशवे दप्तरातल्या हजारो पत्रांचे होते. हिशेबाची परंपराही होती. काठी, पांड, बिघे यांचे गणित कुलकर्ण्याला तोंडपाठ असे, आणि त्रैराशिक, वर्गमूळ, घनमूळ हे शब्द भास्कराचार्यांच्या 'लीलावती'पासून चालत आले होते. पण 'लीलावती' श्लोकबद्ध आहे, आणि कुलकर्ण्याचे गणित मोडी कागदाच्या कडेला उरकलेले आहे. 'समजा अमुक; तर तमुक होते; कारण अमुक; यावरून हे सिद्ध झाले' अशी पायरीपायरीने चढणारी, वाचणाऱ्याला एकटा वाचूनही समजेल अशी विधानांची साखळी छापील मराठीत मांडणे हे काम निराळे होते. वाक्य कोठे तोडावयाचे, अट आधी की निष्कर्ष आधी, 'जे' आणि 'ते' यांच्यामध्ये किती शब्द सुखाने मावतात, पारिभाषिक शब्द एकदा ठरला की पानोपानी तोच कसा राखावयाचा: हे प्रश्न शास्त्रीबुवांना आणि साहेबाला रोज पडत असले पाहिजेत. पुढे ज्याला आम्ही 'निबंधाचे गद्य' म्हणून गौरवतो, त्याला युक्तिवादाची जी चौकट लागते तिची तालीम या पुस्तकांत चालू आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते बोजड आहे? आहे. पहिला पूलही बोजडच असतो. त्यावरून माणसे गेली की नाही, एवढे पाहावयाचे.

आणि माणसे गेली. बाळशास्त्र्यांनी 'दर्पण' काढले म्हणून आम्ही ६ जानेवारीला पत्रकारांना फुले देतो. त्यांनी शून्यलब्धीवर, म्हणजे ज्याला आज कलनशास्त्र म्हणतात त्यावर, मराठीत पुस्तक लिहिले हे विद्यार्थ्यांना सांगत नाही. बापू छत्र्यांच्या छायेत वाढलेले त्यांचे पुतणे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८५२ मध्ये 'पदार्थविज्ञानशास्त्र' आणि १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत दिली. आम्हांला ते टिळकांचे गुरू म्हणून ठाऊक. जर्व्हिसपासून केरूनानांपर्यंत सुमारे चार दशकांची ही एक सलग वाट आहे. ती 'वाङ्मय' या शब्दाच्या आमच्या व्याख्येत बसत नाही म्हणून दिसत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आमच्याच वयाच्या, परदेशी सिद्धान्तग्रंथांवर पोसलेल्या सहकाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, हा सर्व वसाहतवादी ज्ञानव्यवहार आहे. साहेबाने मराठी शिकली ती राज्य करण्यासाठी, आणि मोजणीदार तयार केले ते शेतसारा वसूल करण्यासाठी. उजळणीवर्गात हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की त्याची चाल पाठ झाली आहे. ते खोटे नाही. एंजिनियर इन्स्टिट्यूशन धर्मादाय नव्हती. विलायतेहून प्रत्येक मोजणीदार आणणे कंपनीला परवडणारे नव्हते, आणि इथला मुलगा इथल्या भाषेत लवकर आणि स्वस्तात तयार होतो, हा हिशेब त्यामागे होता. जर्व्हिसला संत करण्याची आमची इच्छा नाही.

पण हेतू सांगितला की गोष्ट संपते, ही समजूत आळशी आहे. ती किती आळशी आहे हे पाहण्यासाठी लांब जावे लागत नाही. जर्व्हिसच्याच घरात पाहावे. त्याचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ टॉमस बेस्ट जर्व्हिस. तोही बॉम्बे एंजिनियर्समध्ये. त्याने कोकणची मोजणी केली, कोकणावर माहितीग्रंथ लिहिला. जॉर्ज एव्हरेस्टची प्रकृती ढासळली तेव्हा भारताचा पुढचा सर्व्हेयर-जनरल म्हणून डायरेक्टरांनी याची तात्पुरती निवड करून ठेवली. लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या बड्या लोकांनी त्याची पाठ थोपटली, तेव्हा एव्हरेस्टने संतापून सोसायटीच्या अध्यक्षाला उद्देशून लिहिलेली पत्रमालिकाच १८३९ मध्ये छापली. एव्हरेस्ट १८४३ पर्यंत जागा सोडीना आणि टॉमस त्याआधीच निवृत्त होऊन घरी गेला. पुढे क्रिमियाच्या युद्धात रशियन सैन्याचा क्रिमियाचा नकाशा त्याने बेल्जममधून पैदा केला आणि १८५५ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याचा टोपोग्राफिकल अँड स्टॅटिस्टिकल डेपो त्याच्या हाताखाली उभा राहिला. ब्रिटिश लष्करी हेरगिरीचा इतिहास लिहिणारे या डेपोपासून आरंभ करतात.

दोघे भाऊ एका पलटणीचे आणि एकाच साम्राज्याचे चाकर. एकाने जमीन कागदावर आणली आणि तो कागद सत्तेच्या कपाटात गेला. दुसऱ्याने जमीन मोजण्याची विद्या इथल्या मुलांच्या भाषेत आणली, आणि ती विद्या कपाटात ठेवता येण्यासारखी नव्हती. वसाहतवाद या एका शब्दात दोघांना कोंबणे ज्याला जमते, त्याला वाचनाचे कष्ट नको आहेत. गंमत अशी की, नकाशे करणाऱ्या धाकट्याची आठवण इंग्लंडला आहे. थोरल्याची आठवण ठेवण्याचे काम कोणाचे होते? आमचे.

शास्त्रीबुवांचाही उल्लेख इथेच करू. आम्ही 'जर्व्हिसचे गणित' म्हणतो, ते बोलण्याच्या सोयीसाठी. वाक्ये कोणाची, शब्द कोणी सुचवले, कोणता शब्द साहेबाने हट्टाने ठेवला आणि कोणता शास्त्रीबुवांनी, हे आता वेगळे काढणे कठीण. क्रमवंत हे १८२९ च्या कोशाच्या शास्त्रीमंडळातही होते. म्हणजे कोशाची आणि गणिताची मराठी एकाच लेखणीखालून जात होती. मराठीच्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने या दोहोंतील शब्द शेजारीशेजारी ठेवून पाहिले तर चांगला प्रबंध होईल. 'अमुक कादंबरीतील स्त्रीचित्रण' या विषयांची नोंदणी आम्हीच थोडी थांबवली, तर.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. इंग्रजी आपोआप आले नाही.

१८४० मध्ये मुंबई इलाख्यातील शिक्षण बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेले. १८४३ पासून त्याचे अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश आणि पुढे मुख्य न्यायाधीश. जर्व्हिस, आता कर्नल जर्व्हिस, त्याच बोर्डाचा सभासद होता. पेरींचा आग्रह असा की, सरकारचा पैसा थोडा आहे, तो वरच्या वर्गातील थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यावर खर्चावा; ज्ञान त्यांच्यातून खाली झिरपेल. १८४७ च्या फेब्रुवारीत जर्व्हिसने याविरुद्ध आपले लेखी मत नोंदवले. सर्वसाधारण लोकांपर्यंत शिक्षण न्यावयाचे तर मन ज्या भाषेत वावरते तिच्यातूनच ते नेता येईल. इंग्रजीपुरतेच ते ठेवले तर मूठभरांची एक वेगळी जात तयार होईल आणि बाकीचा समाज होता तिथे राहील, हा त्याचा मुख्य मुद्दा. आणि त्याच टिपणात, गणिताच्या या माणसाने वाङ्मयाविषयी जे म्हटले आहे, ते वाचून आम्ही वाङ्मयाचे प्राध्यापक खजील झालो. त्याचा आशय असा: लोकांना वाङ्मय हवे असेल तर ते त्यांचे स्वतःचे असले पाहिजे, त्यातला माल पुष्कळसा युरोपातला असेना का, वीण घरच्या सुताची हवी आणि बेत इथला हवा. पुढे शंभर-दीडशे वर्षे 'आत्मसातीकरण', 'देशीयता', 'अनुवाद की रूपांतर' या विषयांवर मराठीत जेवढी शाई खर्ची पडली, तिच्यातला गाभा एका एंजिनियराने एका सरकारी टिपणात कापडाच्या उपमेत सांगून ठेवला होता. आमच्या साहित्यशास्त्राच्या पेपरात त्याला जागा नाही, कारण तो साहित्यिक नव्हता.

त्या बोर्डात त्याच्या बाजूने कोण उभे राहिले, ही याहून लक्षात ठेवण्यासारखी बाब. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा: एक मराठी बोलणारा दैवज्ञ शेट, एक पारशी व्यापारी आणि एक कोकणी मुसलमान विद्वान. बोर्डावरचे तिन्ही एतद्देशीय सभासद कर्नलाच्या बाजूला, आणि अध्यक्ष पेरी व उरलेले युरोपीय सभासद दुसऱ्या बाजूला. म्हणजे साहेबाने आम्हांवर आपली भाषा लादली हे जेवढे खरे, तेवढेच हेही खरे की, एका साहेबाने ती लादू नये म्हणून तीन मुंबईकरांच्या खांद्याला खांदा लावून भांडण केले. मराठीच्या अस्मितेची भाषणे करणाऱ्यांना या चौघांची छायाचित्रे व्यासपीठावर लावण्याचे सुचत नाही. त्यातली तीन नावे त्यांच्या अस्मितेच्या मापात बसत नाहीत, आणि शंकरशेटांची आठवण रेल्वेच्या संदर्भातच निघते.

सरकारने १८४८ मध्ये जो निर्णय दिला तो संदिग्ध होता. दोन्ही पक्षांना आपापला अर्थ काढता येईल असा. संदिग्ध निर्णयाचा अर्थ नेहमी खुर्चीवर बसलेला लावतो. पेरी १८५२ पर्यंत खुर्चीवर होते. जर्व्हिस १८५१ मध्ये मरण पावला. पेरींविषयी एक गोष्ट न्यायासाठी सांगितली पाहिजे: ते भाषांचे शत्रू नव्हते. हिंदुस्थानातील प्रमुख भाषांचा भौगोलिक विस्तार कसा आहे, यावर त्यांचा अभ्यासपूर्ण निबंध एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आहे. भाषा मोजाव्यात, जपाव्यात, नकाशावर रंगवाव्यात. मात्र तिच्यातून विद्या शिकवू नये. हा माणूस आम्हांला फार ओळखीचा वाटतो. तो आजकाल भाषा-पंधरवड्याच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा म्हणून येतो आणि त्याची मुले कोणत्या माध्यमात शिकतात हे कोणी विचारत नाही.

झिरपण्याचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी विचारले ते हेच: रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचे शिक्षण चालते, रयतेच्या पदरात काय? आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनला अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयीचे निवेदन देताना डॉ. आंबेडकरांनी याच बोर्डाचे जुने अहवाल काढून, वरच्या वर्गांपुरते शिक्षण ठेवण्याचे धोरण त्यातल्याच शब्दांनी उघडे केले. माध्यमाचा वाद हा भाषाप्रेमाचा वाद नव्हता. शाळेच्या आत कोण आणि बाहेर कोण, याचा तो वाद होता. अर्थात एंजिनियर इन्स्टिट्यूशनचे दरवाजे सर्व जातींना उघडे होते असा आमचा दावा नाही. एल्फिन्स्टनचे सरकार या बाबतीत किती जपून पावले टाकत होते, हे त्याच निवेदनात आंबेडकरांनी दाखवले आहे. पण जे शिक्षण मराठीत आहे ते आज ना उद्या भिंतीवरून पलीकडे ऐकू जाते. इंग्रजीतल्याला ती भीती नव्हती.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झाले ते इंग्रजी माध्यमाचे. पुढल्या दशकात पदवीच्या अभ्यासातून मराठी हा विषयसुद्धा काढून टाकण्यात आला, आणि तो परत यावा म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट करावी लागली. त्यांच्या खटपटीला आम्ही आमच्या विभागांचा जन्मदाखला मानतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या दाखल्यावर काय लिहिले आहे ते नीट वाचले पाहिजे. मराठी विद्यापीठात परत आली ती 'विषय' म्हणून, 'माध्यम' म्हणून नव्हे. १८२३ मध्ये जी भाषा त्रिकोणमिती शिकवत होती, ती शतकाच्या शेवटी कवितेचे रसग्रहण करण्यासाठी मागच्या दाराने आत आली. आम्ही त्या मागच्या दाराचे पगारी रखवालदार आहोत. वाङ्मय म्हणजे कविता, कथा, कादंबरी, नाटक, फार तर ललित निबंध, ही व्याख्या त्या दाराच्या मापाची आहे. आम्ही तिला सौंदर्यशास्त्र म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: मराठीला ते झेपले नसते. विज्ञान वाढले, परिभाषा वाढली, जर्व्हिसच्या अंकगणितापुरते ठीक होते. याला उत्तर म्हणून हैदराबादकडे बोट दाखवतो. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. त्यासाठी आधीच भाषांतरखाते उघडले होते, आणि तिथे वैद्यक आणि अभियांत्रिकी उर्दूतून शिकवली गेली. आमच्या मराठवाड्यातल्या आजोबांच्या पिढीतली काही माणसे तिथे शिकली. ती त्यांची मातृभाषा नव्हती, आणि निजामाचे राजकारण त्यात होते, हे मान्य. पण हिंदुस्थानातली भाषा शरीरशास्त्र आणि पूलबांधणी पेलू शकते की नाही, या प्रश्नाचा निकाल तिथे लागला. १९४८ नंतर तिथेही इंग्रजी आली. तीही आपोआप आली नाही.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काही महाविद्यालयांना प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची परवानगी दिली. पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात मराठी तुकडी निघाली. वर्तमानपत्रांनी ते अभूतपूर्व म्हणून छापले. आमच्यापैकी एकानेही संपादकाला दोन ओळींचे पत्र पाठवून कळवले नाही की, बाबांनो, हे एकशे अठ्ठ्याण्णव वर्षांपूर्वी झाले आहे. आम्ही त्या वेळी नव्या श्रेयांक-पद्धतीचे तक्ते भरत होतो. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आमच्या महाविद्यालयात ग्रंथदिंडी निघाली. पालखीत 'ज्ञानेश्वरी', 'गाथासप्तशती', 'लीळाचरित्र'. तीही आमची, आणि अभिमानाने आमची. पण पालखीच्या मागे चालणाऱ्या विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांना या भाषेशी आपला काय संबंध, हे कळत नव्हते, आणि ते कळावे अशी एकही वस्तू आम्ही पालखीत ठेवली नव्हती.

तो विद्यार्थी बी.ए. झाला. आता एका खासगी शिकवणीत दहावीच्या सेमी-इंग्रजी मुलांना गणित शिकवतो. पुस्तक इंग्रजी, समजावणे मराठी. "समजा", "म्हणून", "यावरून" हे शब्द त्याच्या फळ्यावर देवनागरीत असतात आणि त्यांच्यामध्ये समीकरणे, असे त्याने परवा सांगितले.

आम्ही आमच्यापुरते एक केले आहे. येत्या अभ्यासमंडळाच्या बैठकीसाठी 'एकोणिसाव्या शतकातील ज्ञानपर गद्य' असा चार श्रेयांकांचा ऐच्छिक पेपर तयार केला आहे: जर्व्हिस-क्रमवंतांच्या 'गणिता'तील निवडक पाने, बाळशास्त्र्यांची शून्यलब्धी, केरूनानांचे पदार्थविज्ञान, आणि १८४७ च्या वादाची कागदपत्रे. मसुदा वाचून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "यात वाङ्मय कुठे आहे?" बैठक पुढल्या महिन्यात आहे. तोपर्यंत ज्या वाचकांच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, तळमजल्यावरच्या बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांत, 'शिक्षामाले'ची एखादी प्रत असेल, त्यांनी ती उघडून पाहावी आणि आम्हांला कळवावे. मुखपृष्ठ नसले तरी चालेल.